दोघांतली दुसरी

करंज्यांच्या डब्याखाली तांदूळ निघाला आणि मिल्काचा हात तिथेच थांबला. वेताची टोपली, तिला बांधलेली गुलाबी फीत, वर पारदर्शक झाकणाचा डबा, डब्यात करंज्या नि खजूर, इथवर सगळं पुरिमच्या सणाला धरून होतं. पुरिमला यहुदी माणूस आपल्या माणसाला खायला पाठवतो, आणि पाठवायचं ते लगेच तोंडात टाकता येईल असं असावं लागतं. पण डब्याखाली तांदळाची पिशवी होती, तिला टेकून तूरडाळ, साखर, तेल. कच्चा शिधा. तयार खाणं बरोबरीच्या माणसाला पाठवायचं आणि शिधा गरिबाला द्यायचा, ही एकाच दिवसाची दोन वेगळी देणी आहेत, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. लहानपणी माकुणसारला आई तिच्याच हातून दोन्ही पाठवायची, एक पुढच्या दाराने, एक मागच्या. बोईसरच्या तिच्या या खोलीला एकच दार होतं, आणि त्यातून आज नक्की काय आत आलं ते झाकायला वर करंज्या रचल्या होत्या.

समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर लिओरा बसली होती. ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या तरुण मंडळींपैकी एक, नवीन लग्न झालेली, सकाळची एस्तेरची कथा वाचून झाल्याबरोबर गाडी काढून निघालेली. खाली नवरा गाडीत बसून होता. वर आला नव्हता. दोघांनी मिळून कोणाला अवघडवू नये असं बहुतेक त्यांच्यात ठरलेलं असावं.

"हे काय आहे?" मिल्काने विचारलं.

"पुरिमचं, आंटी. हाग सामेआख, सणाच्या शुभेच्छा."

"पुरिमचं दोन प्रकारचं असतं. हे त्यातलं कुठलं?"

लिओराने फरशीकडे पाहिलं. "आंटी, आम्ही आपल्या सगळ्या लोकांना काहीतरी..."

"सगळ्यांना तांदूळ देता? तुझ्या सासूला दिलास?"

"नाही."

"मग?"

"आंटी, तुम्ही असं नका ना मनात आणू. आम्ही फोटोबिटो काढत नाही. कोणाला नाव सांगत नाही. घेणाऱ्याला लाज वाटेल असं काही करायचं नाही, हे आमचं पहिल्यापासून आहे."

"म्हणजे घेणारी मी."

लिओराच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुःख नव्हतं, घाई होती. परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की मुलांची होते तशी.

"इकडे किती जणांना देताय?"

"दोघांना. दोघांना तरी द्यावंच लागतं ना, आंटी. एकाला देऊन पुरं होत नाही."

"दुसरा कोण?"

"ते सांगायचं नसतं."

"ठाण्याहून येताना वाटेत पालघर लागतं. पालघरला आपल्यातलं एकच माणूस उरलंय."

लिओरा उठलीच. मिल्काला तिला असं सहजासहजी जाऊ द्यायचं नव्हतं. ती घरमालकिणीच्या आवाजात म्हणाली, "चहा टाकते. बस."

"नको नको, आंटी, खरंच उशीर होतोय," लिओरा इतक्या झटकन म्हणाली की मिल्काला कळून चुकलं: घरात दूध नाही हे या पोरीने आल्या आल्या पाहिलं होतं.

जिन्यावरून तिच्या सँडलचा आवाज खाली गेला, गाडी सुरू झाली, कंपन्यांच्या रस्त्याला लागली, आणि खोलीत बेबी पावडरसारखा एक गोडसर वास तेवढा राहिला. मिल्काला त्या वासाचा मनापासून राग आला. पोरीने निदान उद्धटपणा करायचा होता. टोपली दारात आपटून "घ्या, आणि आमच्यासाठी प्रार्थना करा" असं म्हणून जायचं होतं, म्हणजे टोपली तिच्या पाठीवर भिरकावता आली असती. ही नवी पिढी दुखवत नाही. हिने कुठेतरी बसून, गोल करून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, गरिबाला कसं द्यावं ते शिकून घेतलेलं असतं. मिल्काला देणाऱ्यांची अख्खी जात माहीत होती. रंगांची रसायनं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने उभा जन्म काढला होता, आणि तो कारखाना दर दिवाळीला पाड्यांवर जाऊन चादरी वाटायचा. ज्या पाड्यांच्या विहिरींचं पाणी कारखान्याने गुलाबी केलं तेच पाडे नेमके निवडलेले असायचे. मागे कापडी फलक, पुढे साहेब, आणि साहेबांच्या शेजारी प्रयोगशाळेतल्या मिल्का मॅडम, कारण चादर बाईच्या हातून गेली की बरी दिसते. तिला साहेबांचा तिरस्कार वाटायचाच, तो सोपा होता. पण घेणाऱ्यांचाही वाटायचा. फोटोवाला "हसा" म्हणाला की ते हसायचे. का हसायचे? गुलाबी पाणी प्यायचं आणि हसायचं. एका म्हातारीने मात्र दुसऱ्याच दिवशी ती चादर बाजारात विकायला मांडली होती, घडीही न मोडता. कारखान्याच्या सगळ्या दानधर्मात मिल्काला आदर वाटला असं ते एकच माणूस.

पुढे कारखाना बंद पडला. साहेब गुजरातेत गेले, यंत्रं भंगारात गेली, आणि मिल्का जिथे होती तिथेच राहिली, कारण कुठे जायचं तर कोणाकडे तरी जावं लागलं असतं. भाऊ इस्रायलला, अश्दोदला. तो दर शब्बाथच्या आधी फोन करतो आणि तिकडे किती थंडी आहे ते सांगतो. मिल्का त्याला इकडे किती उकडतंय ते सांगते. अकरावी-बारावीच्या मुलांना ती रसायनशास्त्र शिकवायची, पण हळूहळू मुलं काचेच्या दारांच्या क्लासमध्ये गेली. आता एक मुलगी येते, तीही आईने ओढून आणल्यासारखी. मिल्काला त्याचं काही वाटत नव्हतं. ज्यांना आम्ल आणि अल्कली यांतला फरक मोबाईलवर बघावा लागतो त्यांच्या आयांनाच काय ते वाटावं. दुपारचं जेवण तिने आपणहून बंद केलं होतं. वय झालं की माणसाला दोनदा जेवायची गरज नसते असं कुठेतरी वाचलं होतं आणि ते तिला शास्त्रीय वाटलं होतं. म्हणजे ती गरीब नव्हती. गरीब हा निराळा प्राणी असतो. तो हात पुढे करतो. तिने आयुष्यात कोणापुढे हात केला नव्हता.

टोपली तशीच समोर होती. तांदळाच्या पिशवीवर हिरव्या शेताचं चित्र होतं, शेतात एक बाई हसत होती. हीसुद्धा हसत होती. मिल्काने पिशवी पालथी केली.

माकुणसारला वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं, आणि आईही पुरिमला पुरिम म्हणायची नाही, होळीचा सण म्हणायची, कारण पौर्णिमा तीच असायची आणि गावात बोंबा सुरू झालेल्या असायच्या. त्या दिवशी आई तेलाच्या दोन बाटल्या आणि गुळाच्या पुऱ्या मागच्या दाराशी काढून ठेवायची. गावातल्या दोन गरीब बायांचे वाटे, एक मंगळीचा, एक गोजराबाईचा; मिल्का ते पोचवायची. मंगळी हात जोडायची, बाईसाहेब म्हणायची, तिचं मिल्काला बरं वाटायचं. गोजराबाई मात्र बाजेवरून उठायचीसुद्धा नाही. "ठेव गं तितं," म्हणायची आणि तंबाखू मळत राहायची, जणू बाटली ठेवून घेऊन तीच या तेल्यांवर मेहेरबानी करत होती. मिल्का परत येऊन तणतणली होती, की हिला पुढच्या वर्षी देऊ नकोस, हिला किंमत नाही. आई पुऱ्या तळत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "ती घेते म्हणून आपला सण पुरा होतो. तिने घेतलंच नसतं तर काय केलं असतंस?" आईचं हे बोलणं मिल्काला तेव्हाही मूर्खपणाचं वाटलं होतं आणि आजही वाटत होतं. यात सगळी सोय देणाऱ्याची. दोन गरीब हवेत. गावात गरीब नसले तर आणावेत. ठाण्याच्या पोरांनाही दोन हवे होते. दोन! शिधापत्रिका नाही, चौकशी नाही. त्या दिवशी चौकशी करायचीच नाही असाही नियम आहे, हात पुढे आला की द्यायचं. पण मिल्काचा हात पुढे आला नव्हता. तो कोणीतरी मागून धरून पुढे केला होता. आणि पालघरच्या त्या दुसऱ्या गरिबाचं नाव मनात येताच तिची मान ताठ झाली. बिन्यामिन.

बिन्यामिन आईच्या मामेबहिणीचा मुलगा, दातिवऱ्याचा. कंपन्यांच्या फाटकांवर वॉचमन म्हणून उभा राहिला आणि एकेका फाटकावरून दारूपायी काढला गेला. आई असेतो प्रत्येक सणाला जेवायला हजर व्हायचा, आई गेल्यावरही काही वर्षं येत राहिला, अंगाला दारूचा वास मारायला लावलेल्या साबणाचा उग्र वास. मिल्का त्याला दारातच डबा द्यायची. तो दारातच बसून खायचा आणि डबा धुऊन परत करायचा, ते तर आणखीच असह्य होतं. ज्या समाजात डॉक्टर झाले, सेनाधिकारी झाले, त्या समाजाचे पालघर तालुक्यातले दोन उरलेले नमुने म्हणून ठाण्याच्या त्या पोरांनी कोणाकोणाला एका दोरीत ओवलं होतं? बिन्यामिन आणि मिल्का. दोघांतली दुसरी ती.

धर्माचा आणखी एक नियम तिला आठवला आणि ती पहिल्यांदा हसली. जो घेतो त्यालाही देणं चुकत नाही. गरिबानेही त्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, दोन गरिबांना द्यायचं असतं. ठीक. हा शिधा उचलायचा आणि बिन्यामिनच्या दारात नेऊन टाकायचा. मग ती देणारी. मग हिशेब सरळ. टोपली तिने नेली नसती, फीत बांधलेली वस्तू हातात धरून बोईसरमधून जाणं हा निराळाच तमाशा झाला असता. तिने सगळं कापडी पिशवीत भरलं, करंज्यांसकट, साडी बदलली, इस्त्रीची नेसली, आणि स्टँडवरून पालघरला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात मागच्या बाजूला बसली. शेजारी दोन कामगार होते, कपाळाला आधीच गुलाल. "आंटीजी, होली है," त्यातला एक म्हणाला आणि तिची नजर पाहून त्याने हातातली गुलालाची पुडी खिशात घातली. बाहेर टँकर, भिंती, चिमण्या, दर दोन कंपन्यांमागे बदलणारा वास. डोळे मिटून तिला सांगता आलं असतं कुठल्या भिंतीआड काय बनतंय. हे ज्ञान आता कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं, आणि ते असं मोफत नाकात येत राहायचं.

वस्ती संपून भातखाचरं लागली तिथे बायकांनी रस्त्यावर दोर आडवा धरला होता. होळीची पोस्त. गाडी अडवायची, गाणं म्हणायचं, काही घेतल्याशिवाय सोडायचं नाही. सात-आठ जणी असतील, डोंगराकडच्या, केसात फुलं, एकीच्या पाठीला झोळीत पोर. गाणं चालू असतानाच त्या हसत होत्या. ते हसणं चादरवाल्या फोटोतलं नव्हतं, ते मिल्काच्या लक्षात आलं आणि आवडलं नाही. रिक्षावाल्याने काहीतरी दिलं, कामगारांनी दिलं. मग एकीने आत वाकून मिल्कासमोर तळहात धरला.

"बाये, पोस्त दे."

"माझ्याकडे नाही."

"नाय कसा? पिशवी भरल्ये." बाईने पिशवीला बोट लावलं. "तांदूळ हाय."

आणि मिल्काने दोन्ही हातांनी पिशवी छातीशी ओढली. विचार करायच्या आधी ओढली. ज्या तांदळाकडे सकाळपासून ती थुंकल्यासारखं बघत होती, जो एका बेवड्याच्या दारात फेकायला ती निघाली होती, तो तिने असा कवटाळला की करंज्यांच्या डब्याचं झाकण पिचकलं. दोन गरीब हवे होते ना? इथे आठ उभ्या होत्या, चौकशी करायची नाही असा नियम होता, हात समोर होता. तिच्याने पिशवी सुटेना. दोरवाली क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग मागच्या बायकांना काहीतरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. तीही हसली, त्यात वाईट काही नव्हतं. "ऱ्हावं दे, ऱ्हावं दे," ती मिल्काच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, "तुलाच लागंल." दोर खाली पडला, रिक्षा त्याच्यावरून गेली. कामगार बाहेर बघत होते. सगळं जग आज आपल्या अंगावरून नजर काढून बाहेर बघतंय असं मिल्काला वाटलं. पालघर येईपर्यंत तिने त्या बाईला मनात नावं ठेवली: आगाऊ, निर्लज्ज, मागून वर दुसऱ्याला सल्ला देणारी. पण गुडघ्यावरची ती थाप जाईना.

बिन्यामिन रेल्वेच्या पूर्वेला, विटांच्या वखारीमागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राहायचा. दार उघडंच होतं. तो बाहेर ओट्यावर बसला होता, अंगात स्वच्छ सदरा, डोक्यावर यहुद्यांची गोल मखमली टोपी, किप्पा, दाढी केलेली. म्हातारा झाला होता. तिला पाहून दचकला नाही.

"ये, मिल्के. म्हटलाच, येशील."

आत एक लोखंडी खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर जेरुसलेमचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर. आणि खाटेवर तीच पिशवी, तेच हिरवं शेत, तीच हसणारी बाई. तोंड उघडलेलं होतं, निम्मा तांदूळ कुठेतरी काढलेला. मिल्काने वास घेतला. साबण. फक्त साबण.

"माझं नाव त्या पोरांना कोणी दिलं?" तिने उभ्यानेच विचारलं.

"मी."

तो इतक्या सरळ म्हणाला की तिने तयार केलेलं पुढचं वाक्य वाया गेलं.

"ती पोरगी आली गेल्या आठवड्यात, बघायला. बोलली, अंकल, दोघा जनांना द्यावं लागतं, इकडं आजून कोन हाय का? नसला तर आमाला दुसरीकडं कुटं शोदावं लागंल. मी सांगितला, हाय. बोईसरला मिल्का हाय."

"आणि मी गरीब आहे हे तुला कोणी सांगितलं? तू कोण ठरवणारा? सगळा जन्म दुसऱ्याच्या दारात बसून खाल्लंस, आता वाटतं सगळे तसेच आहेत?"

बिन्यामिनने किप्पा सारखा केला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो विचार करत होता, सांगावं की सांगू नये याचा.

"तू फुडं होतीस," तो शेवटी म्हणाला. "मी मागं."

"कुठे?"

"नवरात्रात. देवीच्या भंडाऱ्याला. बोईसरला."

पत्रा उन्हाने तापून तडतडत होता. मिल्काला ते एकदम खूप मोठ्याने ऐकू येऊ लागलं. मांडव, खांबाला बांधलेले कर्णे, रांग. ती त्या बाजूने सहज जात होती. सहज. तिथे गर्दी कसली ते बघायला थांबली, आणि बघायचं तर रांगेतूनच बघता येत होतं. पदर तिने डोक्यावरून उन्हासाठी घेतला होता. दुसऱ्यांच्या देवापुढचं अन्न. आईने तिचे हात धुवायला लावले असते. रांगेतल्या पुढच्या एकेका पाठीकडे बघत तिने वेळ काढला होता: हा खाऊनपिऊन सुखी दिसतो तरी फुकटचं सोडत नाही, हिने पोरांना दोनदा रांगेत घातलंय, हा तर कंपनीत फिटर होता, याला लाज कशी वाटत नाही. द्रोणातला शिरा गरम होता. तो तिने मांडवाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून उभ्याने खाल्ला, बोटं चाटली, आणि घरी आल्यावर ते झालंच नाही असं ठरवून टाकलं. पुढच्या सगळ्यांना तिने तोलून घेतलं होतं. मागे कोण आहे ते पाहिलं नव्हतं. रांगेत मागे कोणी असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हाक नाही मारलीस," ती म्हणाली.

"काय म्हनून मारू? तू भिंतीकडं तोंड करून खात होतीस. मी नाय तसा खात. मी बसून खातो."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी, भलत्याच जागी, तिला आठवलं की खरंच, तो तिच्या दारातही मांडी घालून, ऐसपैस बसून खायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त चीड यायची.

"ऐक," बिन्यामिन म्हणाला. "एकटा असला का लोक भिकारी बोलतात. इतकी वरसं मी एकटाच होतो. ठान्याचे लोक यायचे, मला द्यायचे, आनि दुसरा शोदायला गाडी घेऊन जायचे. दोघं असली का ते धर्माचं होतं. म्हनून तुजं नाव दिलं. माज्यासाठी पन दिलं."

मिल्काने पिशवी खाटेवर ठेवली. फेकायची ठरली होती, पण फेकणं आता जमणारं नव्हतं. "हे तुला," ती म्हणाली. "मलाही द्यावं लागतं. घे आणि गप्प बस."

"घेतो की. पन आदी माजा घे." त्याने खाटेखालून दोन भांडी काढली, एक स्टीलचा डबा, एक झाकणाचं पातेलं, दोन्हींत तांदूळ, वर डाळीची पुडी. "मला पन दोघांना द्यायचा हाय. ह्यो जमुनाचा, शेजारची. आनि ह्यो तुजा."

मिल्का त्या पातेल्याकडे बघत राहिली. एकाच पोत्यातला तांदूळ. ठाण्याहून एकाच गाडीत बसून आलेला, दोन पिशव्यांतून दोन घरांत उतरलेला, आणि आता तिचा त्याच्याकडे, त्याचा तिच्याकडे. दिवसअखेर कोणाचंही पोट त्याने कणभर जास्त भरणार नव्हतं. हा असा मूर्ख, पोरकट, हुशार नियम कोणी काढला असेल? ज्याने काढला त्याने एकदा तरी भिंतीकडे तोंड करून खाल्लं असलं पाहिजे. तिला हसू आलं आणि ते तिने तुच्छतेचं आहे असं समजून घेतलं.

"पातेलं घाण आहे," ती म्हणाली.

"सकाळी घासलाय."

"घासलेलं असं दिसतं?" तिने पातेलं उचललं. जड होतं. कोणी दिलेली वस्तू इतकी जड लागते हे तिला माहीत नव्हतं. ती कायम डब्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली.

बिन्यामिनने पत्र्याच्या भिंतीवर मुठीने ठोकलं. "जमुना! ये गो."

जमुना विक्रमगडकडची, नवऱ्याबरोबर विटांच्या कामावर आलेली. होळीला सगळे गावी गेले, पण नवऱ्याचा पाय ट्रॉलीखाली सापडून प्लास्टरमध्ये, म्हणून हे दोघे मागे राहिलेले. तिशीची असेल, दारातच थांबली, आधी मिल्काची इस्त्रीची साडी पाहिली, मग तिच्या हातातलं पातेलं.

"ही कोन, काका?"

"आमच्यातली," बिन्यामिन म्हणाला. "आज आमचा सन हाय. ह्यो डबा तुजा. आनि ही पन तुला देनार हाय, तिला पन दोघं लागतात."

मिल्काने पिशवीतला तांदूळ खाटेवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर अर्धा ओतला, डाळ दोन पुड्यांत केली, करंज्यांचे दोन भाग केले. हे करताना तिला कळेना तोंड कसं ठेवायचं. हसावं? आईसारखं दुसरीकडे बघावं? शेवटी तिने जमुनाकडे सरळ, रागाने पाहिलं आणि म्हणाली, "घे. धन्यवाद वगैरे काही नको."

"नाय बोलत," जमुना म्हणाली आणि पदर पसरला.

मग तिने आपल्या घरात जाऊन सगळं ठेवलं आणि बाहेर येऊन बिन्यामिनला बजावलं, "आज आमची पन होळी हाय. तुमी दिलात, आता आमचा न खाता कसा जाल? शिजवला हाय, या." एवढं बोलून ती आत गेली, उत्तराची वाट न बघता. बिन्यामिन तर उठलाच. मिल्का म्हणाली तिला भूक नाही, दुपारी ती जेवत नाही, शिवाय त्यांच्याकडे कुठल्या भांड्यात काय शिजतं कोणास ठाऊक, शिवाय परत जायला रिक्षा मिळणार नाही. बिन्यामिन ऐकत ऐकत चालत होता. ती बोलत बोलत त्याच्यामागून शेजारच्या दारात पोचली. आत चुलीचा धूर, भिंतीला टेकून प्लास्टरातला पाय पसरून बसलेला नवरा, त्याने हात वर करून राम राम केला. जमिनीवर एक तरट टाकलेलं. जमुनाने तिच्यापुढे ताट ठेवलं: तांदळाची भाकरी, वाफेची, आणि उडदाची आमटी, काळपट, दाट. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. नवरा बिन्यामिनला पायाचं सांगत होता, जमुना चुलीशी पुढची भाकरी थापत होती. भिंत मिल्काच्या उजव्या हाताला होती, तिकडे वळणं सोपं होतं. ती वळली नाही. साडीची इस्त्री मोडत मांडी घालून बसली, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात टाकला, आणि मग दुसरा, आणि मग ताट अर्धं होईपर्यंत तिने मान वर केली नाही. वर केली तेव्हा जमुना तिच्याकडे बघत होती.

"मीठ कमी आहे," मिल्का म्हणाली आणि ताट पुढे केलं.